पाणी मिठामागे जातं : वाचकांचे प्रश्न

या महिन्याची पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज एकत्र घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की निम्म्याहून जास्त प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतायत. कुणाचे द्राक्षमणी तडकलेत, कुणाच्या पाड्यावर जुलाबाची साथ आहे, कुणाला बारावीचं पुस्तक कळत नाहीये, आणि या सगळ्याच्या मुळाशी पेशीभोवतीचं ते अतिपातळ आवरण, पेशीपटल. मी नाशकात बरीच वर्षं अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवलं आणि हा धडा माझा सगळ्यात लाडका, त्यामुळे यावेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत, राग मानू नका.

मॅडम, आमची दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. मण्यात पाणी उतरलं होतं, म्हणजे मणी पिकायला लागले होते, साखर भरत होती आणि दोन दिवस अवकाळी झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर घडाघडात मणी तडकलेले. शेजारच्याने छाटणी उशिरा घेतली होती, त्याचे मणी हिरवे कडक होते, त्याला काहीच झालं नाही. पाऊस तर दोघांवर सारखाच पडला ना?
एक बागायतदार, निफाड

दादा, तुमचं पत्र वाचून फार वाईट वाटलं, वर्षभर जपलेला माल असा दोन दिवसात जातो तेव्हा काय होतं ते निफाड-पिंपळगावकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाऊस दोघांवर सारखाच पडला हे बरोबर आहे, पण तुमच्या मण्यात जे होतं ते त्याच्या मण्यात नव्हतं.

पेशीपटलातून पाणी बऱ्यापैकी सहज ये-जा करतं, साखर मात्र तशी जात नाही, तिला खास दारं लागतात. आता पटलाच्या एका बाजूला नुसतं पाणी आणि दुसऱ्या बाजूला साखरेचं दाट पाणी असेल तर पाणी साखरेच्या बाजूला जात राहतं. यालाच पुस्तकात परासरण म्हणतात, इंग्रजीतलं ऑस्मोसिस. शेजाऱ्याच्या हिरव्या मण्यात आंबटपणा भरपूर पण साखर अगदी थोडी होती, तुमच्या मण्यात पाणी उतरल्यापासून पेशी रोज साखर साठवत होत्या, आणि शिवाय त्याच वेळी पेशींच्या भिंती, म्हणजे पटलाच्याही बाहेरचं कडक आवरण, मऊ व्हायला लागलेल्या असतात, म्हणून तर मणी बोटाला मऊ लागतो. म्हणजे आत ओढ वाढलेली आणि भिंत सैल झालेली, दोन्ही एकदम.

ओढ किती असते ते बघा. तुमच्या मीटरवर १८ ब्रिक्स आलं म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम साखर, आणि द्राक्षातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. त्याचा हिशोब मांडला तर असा रस एका बाजूला आणि शुद्ध पाणी दुसऱ्या बाजूला ठेवून मधून पाणी येऊ द्यायचं नाही असं ठरवलं तर जवळजवळ २५ वातावरणांइतका दाब द्यावा लागेल. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असतो! हा सगळा दाब सालीवर येतो असं मात्र समजू नका, कारण पिकताना पेशींच्या बाहेरच्या फटींमध्येही साखर साठते आणि त्यामुळे पेशीच्या आतला ताण बराच कमी होतो, झाड आपली काळजी घेत असतं. पण पावसाचं पाणी म्हणजे जवळजवळ शुद्ध पाणी, ते सालीवर तासनतास बसून राहिलं की सालीवरच्या डोळ्याला न दिसणाऱ्या भेगांमधून आणि देठाजवळून आत शिरतं, वरून हवा इतकी दमट की मण्यातून आणि पानातून पाणी उडून जात नाही, खालून मुळं पाणी चढवतच असतात. आत येणारं चालू आणि बाहेर जाणारं बंद, मग साल ताणून ताणून एका जागी फाटते.

म्हणूनच बागेला आधी कोरडा ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी सोडणंही याच कारणाने घातक ठरतं, पाऊस नसतानाही मणी तडकतात. कॅल्शियमबद्दल तुम्ही पत्रात खाली विचारलंय, कॅल्शियम पेशीभिंतीतल्या पेक्टिन या चिकट पदार्थाला एकमेकात बांधून भिंत घट्ट करतं, पण मणी लहान असतानाच ते नीट आत पोचतं, पाणी उतरल्यावर मुळाकडून थेट मण्यात येणारा प्रवाह कमी होतो आणि कॅल्शियम त्याच प्रवाहातून येतं. त्यामुळे तडकायला लागल्यावर फवारून फारसा फायदा नाही. डोस मी सांगणार नाही, तो मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला किंवा तुमच्या कृषी सहायकांना विचारा.

यातली एक गोष्ट मनात धरून ठेवा कारण ती खाली प्रत्येक उत्तरात परत येणार आहे. पेशीपटलात पाण्याचा असा पंप नसतो. पेशीला पाणी हवं असेल तर ती साखर, मीठ, असं काहीतरी आत घेते, पाणी नको असेल तर तीच साखर, तेच मीठ बाहेर टाकते, आणि पाणी आपोआप त्याच्या मागे जातं.

मॅम, पुस्तकात पेशीपटलाला निवडक्षम पारपटल म्हटलंय. क्लासमध्ये सांगितलं की चाळणी समज, लहान कण जातो मोठा अडकतो. पण टेस्टमध्ये एक एमसीक्यू होता, पोटॅशियम आयन सोडियमपेक्षा मोठा असूनही चॅनेलमधून जातो आणि सोडियम जात नाही. मग चाळणी कशी? डोकं चालेना झालंय.
बारावीची विद्यार्थिनी, सिन्नर

अगं, तुझं डोकं एकदम बरोबर चालतंय, चाळणीच चुकीची आहे! चाळणीची उपमा मी पण सुरुवातीला वापरायचे आणि मग याच प्रश्नावर अडकायचे, म्हणून नंतर सोडून दिली. थोडं सविस्तर सांगते, तुला नीटला पण उपयोग होईल.

पेशीपटल हे मुळात तेलाचं आहे. त्यातल्या प्रत्येक रेणूला पाणी आवडणारं डोकं आणि पाण्यापासून पळणाऱ्या दोन शेपट्या असतात, त्यामुळे ते आपोआप दोन थरात बसतात, डोकी दोन्हीकडे बाहेर पाण्याशी आणि शेपट्या आत एकमेकींकडे तोंड करून. दोन थर आहेत हे १९२५ मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच शास्त्रज्ञांनी दाखवलं, त्यांनी लाल रक्तपेशींमधली चरबी काढून पाण्यावर पसरली आणि बघितलं तर तिने पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापली. किती साधा प्रयोग आणि किती मोठी गोष्ट कळली! जाडी सगळी मिळून ७-८ नॅनोमीटर, म्हणजे एकावर एक सव्वा लाख पटलं रचलीस तर कुठे एक मिलिमीटर होईल. आणि १९७२ मध्ये सिंगर आणि निकोलसन यांनी सांगितलं की हे काही घट्ट बसलेलं नाही, हा पातळ तेलाचा तवंग आहे आणि त्यात प्रथिनं तरंगत सरकत असतात.

आता दारात पहिला प्रश्न आकाराचा नाहीच, तेलातून जाता येतं का हा आहे. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल हे तेलातून सरळ पार होतात, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. सोडियमचा आयन इतका छोटा असूनही त्याला मात्र अजिबात जमत नाही, कारण त्याच्यावर विद्युतभार आहे आणि भार असलेल्या कणाभोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटून बसतात. त्याने जणू पाण्याचा रेनकोट घातलाय असं समज. तेलात शिरायचं तर तो रेनकोट काढावा लागेल, आणि तो काढायला एवढी ऊर्जा लागते की तो दारातच थांबतो.

मग पोटॅशियमचं दार, म्हणजे तुझं ते चॅनेल, काय करतं? त्या प्रथिनाच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेत की पोटॅशियमने रेनकोट काढला की त्याला लगेच चारी बाजूंनी तितकाच आधार मिळतो, जणू पाण्यातच आहे, त्याचं काही नुकसान होत नाही म्हणून तो काढतो आणि जातो. सोडियम लहान असल्यामुळे त्या ऑक्सिजनपर्यंत नीट पोचतच नाही, त्याला आधार मिळत नाही, मग तो रेनकोट कशाला काढेल? म्हणून तो अंगावर रेनकोट घेऊन बाहेरच राहतो आणि रेनकोटासकट त्या फटीत मावत नाही. लहान असणंच त्याच्या आड येतं. असं एक दार सेकंदाला कोटीच्या हिशोबात पोटॅशियम सोडतं आणि तरी सोडियम चुकून जवळजवळ जातच नाही. ही रचना रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये अणूअणूपर्यंत दाखवली आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना आणि पीटर अ‍ॅग्रे यांना मिळालं. अ‍ॅग्रे यांनी पाण्याचं दार शोधलं होतं, अ‍ॅक्वापोरिन, एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जातात. वर मी बागायतदारांना सांगितलं की पाण्याचा पंप नसतो, तो नाहीच, हे नुसतं उघडं दार आहे, कुठल्या बाजूला जायचं ते विरघळलेल्या पदार्थांवर ठरतं.

राहिला खरा पंप, तो आयनांचा. पेशीच्या बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहा-बारा पट आणि पोटॅशियम उलटं, आत भरपूर बाहेर थोडं. नुसती दारं असती तर हळूहळू दोन्ही बाजू सारख्या झाल्या असत्या आणि दोन्ही बाजू सारख्या झालेली पेशी म्हणजे मेलेली पेशी. म्हणून एक प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून दर फेरीला ३ सोडियम बाहेर फेकतं आणि २ पोटॅशियम आत ओढतं. हे १९५७ मध्ये येन्स स्को या डॅनिश शास्त्रज्ञाने खेकड्याच्या नसांवर काम करताना शोधलं, नोबेल मिळालं थेट १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. तू नुसती झोपलीस तरी शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा या पंपावर जातो.

परीक्षेला विसरण, परासरण, सक्रिय वहन यांच्या व्याख्या पुस्तकातल्याच लिही, तिथे माझा रेनकोट लिहू नकोस.

मी पेठ तालुक्यात आशाताई आहे. पाड्यावर जुलाब-उलट्या सुरू झाल्या की मी ओआरएसची पाकिटं देते. पण लोक म्हणतात ताई साखर-मिठाच्या पाण्याने काय होणार, सलाईन लावा म्हणजे ताकद येईल. मला पण मीठ कळतं, पण त्यात साखर कशाला? लोकांना पटेल असं सांगा ना.

ताई, आधी तुम्हाला नमस्कार, पावसाळ्यात त्या चढणीच्या वाटांनी पाड्यापाड्यावर जाऊन तुम्ही जे करताय त्यापुढे माझं हे लिहिणं फार छोटं आहे. तुमचा प्रश्न मात्र या सगळ्या पत्रांमधला सगळ्यात मोलाचा वाटला मला.

लोकांना असं वाटतं की साखर ताकदीसाठी घातलीय. नाही हो, ती मिठाला आत न्यायला घातलीय. आतड्याच्या आतल्या पेशींवर एक खास दार आहे आणि ते फक्त जोडीने उघडतं, मिठातले दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे एकत्र आले तरच. नुसतं मीठ आलं तरी ते दार बंद, नुसतं ग्लुकोज आलं तरी बंद. आपण घालतो ती साखर आतड्यात फुटून तिचंच ग्लुकोज होतं. पेशीच्या मागच्या, रक्ताकडच्या बाजूला वरच्या उत्तरातला तोच सोडियम-पोटॅशियमचा पंप बसलेला असतो, तो सोडियम सतत रक्ताकडे ढकलून देतो म्हणून पेशीच्या आत सोडियम कमी राहतं आणि पुढच्या दारातून नवीन सोडियम ग्लुकोजचा हात धरून आत येत राहतं. आणि मिठामागे पाणी. बस्स, एवढंच आहे, पेल्यातलं पाणी असं अंगात जातं. साखर-सोडियमच्या या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये मांडली.

आता कॉलराचं उदाहरण घ्या, ते सगळ्यात भयंकर. त्याचं विष आतड्याच्या पेशीतलं क्लोराइडचं दार उघडं करून ठेवतं, बंदच होऊ देत नाही, क्लोराइड बाहेर वाहतं, त्याच्यामागे सोडियम आणि दोघांच्या मागे पाणी, जोराचा कॉलरा असेल तर मोठ्या माणसाचं तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. पण ते विष साखर-सोडियमच्या जोडीच्या दाराला हात लावत नाही! एक दार तुटलेलं असतं तेव्हा दुसरं शाबूत असतं, आणि ओआरएस त्या शाबूत दारातून काम करतं. लोकांना एवढंच सांगा, एक दार मोडलंय म्हणून पाणी चाललंय, पण दुसरं दार चालू आहे आणि त्याची किल्ली साखर आहे.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाईकांच्या हातात पेले दिले आणि पाजायला लावलं. जिथे ३० टक्क्यांपर्यंत माणसं दगावत होती तिथे ते प्रमाण ३-४ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला तर वाटतं त्यांचं नाव प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असायला हवं.

सलाईनचं म्हणाल तर ती बाटली म्हणजे सुद्धा लिटरला ९ ग्रॅम मीठ एवढंच, त्यात जादूची ताकद काही नाही. साधं पाणी नसेत का देत नाहीत, कारण रक्तपेशींना वनस्पतींसारखी भिंत नसते, साध्या पाण्यात त्या द्राक्षासारख्या फुगून फुटतात. पण मूल डोळे टाकत असेल, पिऊच शकत नसेल, काही पोटात ठरतच नसेल, लघवी बंद झाली असेल, शौचातून रक्त पडत असेल तर वाट बघायची नाही, उचलायचं आणि दवाखाना गाठायचा, तिथे सलाईन लागू शकते.

एक गोष्ट फार कळकळीने सांगते, माप चुकवू देऊ नका. बायका प्रेमाने चमचाभर साखर जास्त घालतात, आणि तीच घात करते, कारण दारातून आत न गेलेली साखर आतड्यातच राहून अंगातलं पाणी उलट बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात. बाजारातली गोड थंड पेयं म्हणूनच द्यायची नाहीत. डब्ल्यूएचओने तर २००२ मध्ये जुना फॉर्म्युला बदलून त्यात साखर आणि मीठ दोन्ही कमी केलं, एकूण दाटपणा ३११ वरून २४५ वर आणला, आणि सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांएवढंच ठेवलं, ७५ ला ७५ (हे आकडे विरघळलेल्या कणांच्या मोजणीचे आहेत, ग्रॅमचे नाहीत). पाकीट फोडलं की सगळं एकदम आणि त्यावर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, आणि पाजण्याआधी चाखून बघा, आपल्या डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते फेकून नवीन करा.

रामकुंडावर बराच वेळ पाण्यात राहिलं की बोटं सुरकुततात, हे पण ऑस्मोसिसच ना? पंचवटी

नाही! मीही कॉलेजात असताना हेच समजत होते. पण हाताची नस तुटलेल्या माणसाची बोटं पाण्यात ठेवली तर ती सुरकुततच नाहीत, हे डॉक्टरांना १९३० च्या दशकापासून माहीत आहे. नसांच्या हुकमावरून बोटातल्या रक्तवाहिन्या आकसतात, आतला भाग बसतो आणि वरची कातडी घडी पडून सैल होते. पाणी कातडीत थोडं शिरतं हे खरं, पण सुरकुत्या काढण्याचं काम नसांचं.

काकडीच्या कोशिंबिरीला वाढेपर्यंत पाणी का सुटतं? आणि दुसरं, कांदा आख्खा असताना काही होत नाही, चिरला की लगेच डोळ्यात पाणी, असं का? गंगापूर रोड

कोशिंबिरीचं उत्तर आता तुम्हालाच येईल, मीठ काकडीच्या बाहेर पडलं, पाणी त्याच्यामागे बाहेर आलं. म्हणून मीठ पानं वाढायच्या वेळी घाला. कैरीच्या लोणच्यात आपण हेच मुद्दाम करतो, फोडींना मीठ-हळद लावून ठेवली की पाणी सुटतं, आणि त्याच खारट पाण्यात जंतू पडले तरी त्यांच्याही अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, त्यामुळे लोणचं टिकतं. मलूल कोथिंबिरीचे देठ पाण्यात ठेवले की ती दोन तासात ताठ होते तो उलटा प्रवास.

कांद्याचं जास्त सुंदर आहे. कांद्याच्या एकाच पेशीत दोन कप्पे असतात, एका कप्प्यात गंधकाचे पदार्थ आणि आतल्या दुसऱ्या कप्प्यात, रिक्तिकेत, त्यांना फोडणारं एन्झाइम, आणि दोघांच्या मध्ये फक्त एक पातळ पटल. लासलगावच्या मार्केटमध्ये ट्रॉल्याच्या ट्रॉल्या कांदा पडलेला असतो, त्यातल्या प्रत्येक पेशीत हे दोघे महिनोनमहिने शेजारी राहतात आणि भेटत नाहीत. विळीचं पातं फिरलं की पटल फाटतं, दोघं भेटतात आणि काही सेकंदात डोळ्याला झोंबणारा वायू तयार होतो. विळीला धार चांगली असली की पेशी कमी चेंगरतात, आणि कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला की एन्झाइम मंदावतं, दोन्ही करून बघा.

मिसळ झणझणीत झाली की तोंड भाजल्यासारखं का होतं? गरम तर नसते तेवढी, आणि पाणी प्यायलं तरी जात नाही. सिडको

कारण जिभेच्या नसांवरचं जे दार साधारण ४३ अंशांच्या वर गरम लागलं की उघडतं, तेच दार मिरचीतलं कॅप्सायसिन उघडतं. आत कॅल्शियम आणि सोडियम शिरतं, नस मेंदूला एकच निरोप देते, भाजलं! निरोप खोटा पण दार खरं उघडलेलं, त्यामुळे घाम पण खरा येतो. हे दार डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापूटियन यांना मिळालं. कॅप्सायसिन तेलात विरघळणारं असल्यामुळे ते पेशीपटलातून सहज आत जातं आणि पाण्याने धुतलं जात नाही, दह्याने मात्र उतरतं, आपल्याकडे मिसळीबरोबर दही देतात ते अगदी योग्य आहे. पक्ष्यांमध्ये हेच दार असतं पण ते कॅप्सायसिनला दाद देत नाही, पोपट मिरची कराकरा खातो ना, त्याला खरंच तिखट लागत नाही.

मी रोज रात्री काळे मनुके भिजत घालतो. नातवाच्या पुस्तकात मनुक्यांचा प्रयोग आहे, त्यात म्हटलंय की पाणी आत जातं आणि मनुका फुगतो, साखर पटलातून जात नाही. पण माझं सकाळचं पाणी तर चांगलं गोड लागतं. पुस्तक चूक की माझी जीभ?
एक आजोबा, नाशिकरोड

आजोबा, तुमची जीभ बरोबर आहे, आणि नातवाला शाळेत हा प्रश्न जरूर विचारायला सांगा. मनुका उन्हात किंवा शेडवर सुकवतात तेव्हा त्याच्या पेशी मरतात. मनुका फुगतो तो आतल्या साखरेच्या ओढीने, आणि साल ती साखर थोडीफार अडवते म्हणून प्रयोग दिसायला बरा होतो. पण ज्या पेशीपटलाने साखर पक्की अडवून धरली असती ते आता फाटलेलं आहे, पंप बंद आहे, निवड करणारं कुणी नाही, म्हणून पाणी आत जाता जाता साखरही बाहेर येते आणि तुमची वाटी गोड होते.

जिवंत पटल आणि मेलेलं पटल यातला फरक नातवाला दाखवायचा असेल तर त्यासाठी ताजं द्राक्ष घेऊ नका, त्याच्या सालीवर मेणाचा थर असतो, त्यामुळे काय कुणी अडवलं ते कळत नाही. बीट घ्या. साल काढून सारख्या चकत्या करा आणि नळाखाली चांगल्या धुवा, म्हणजे सुरीने फाटलेल्या पेशींचा रंग निघून जाईल. मग एक चकती साध्या पाण्याच्या ग्लासात आणि एक चहाला उकळतो तशा कढत पाण्याच्या ग्लासात टाका, दुसरा ग्लास स्टीलचा घ्या आणि पाणी तुम्ही ओता, पोराला ओतू देऊ नका. साध्या पाण्यात अर्ध्या तासाने सुद्धा जेमतेम गुलाबी झाक येते, रंग विरघळणारा असूनही आतच राहतो कारण पटल त्याला सोडत नाही. कढत पाण्यात पटलाचं तेल आणि प्रथिनं विस्कटतात, आणि बघता बघता सगळं पाणी लालभडक होतं.